खरखर नसलेला आवाज

मी मोजमापाच्या प्रयोगशाळेत काम करते. जे मोजता येत नाही त्यावर बोलायची मला सवय नाही. तरी हे सांगतेय, कारण खोलीत आम्ही तिघं होतो आणि तिघांनीही ते ऐकलं.

रविवार. दुपारचे चार. आमच्या हॅम रेडिओ क्लबची गच्चीवरची खोली. बाहेर लख्ख ऊन.

डोंगरावरचा आमचा रिपीटर, म्हणजे हातातल्या छोट्या सेटचा आवाज उचलून लांबवर पोचवणारं यंत्र, म्हातारा झाला होता. नवा डिजिटल घ्यायचा होता. त्यात तीन पद्धती. कुठली घ्यायची, ते चाचणी करून मी सांगायचं होतं.

अडचण एकच. वहिनी.

त्या रविवारच्या चौदा महिने आधी माझा दादा त्याच डोंगरात एकटा चढायला गेला. शेवटचं बोलला ते याच रिपीटरवरून. पुढे ना माणूस सापडला, ना त्याचा सेट.

तेव्हापासून वहिनी रोज जुन्या सेटची खरखर ऐकत बसायची. त्या रविवारीही ती सेट घेऊन माझ्या शेजारी बसली होती.

"वहिनी, त्याच्या सेटची बॅटरी दोन दिवसांत संपते गं."

"मला नको शिकवूस. खरखरीतून अर्धामुर्धा माणूस तरी कळतो. तुमच्या डिजिटलमध्ये एक तर स्वच्छ, नाहीतर काहीच नाही."

तिचं खरं होतं. डिजिटलमध्ये आवाजाचे आकडे होतात आणि पलीकडे त्या आकड्यांचा पुन्हा आवाज. आकडे कमी पडले, की शांतता. जुनी पद्धत बंद झाली असती, तर तिचं वाट बघणंही बंद झालं असतं.

क्लबचे सेक्रेटरी धंद्याने शिंपी. खाली रस्त्यावरून दर पद्धतीवर तेच वाक्य वाचत होते.

"छाती चाळीस, कंबर बेचाळीस. माझंच माप आहे, हसू नका!"

दोन पद्धती झाल्या. तिसरीचा सेट न्यायला ते वर आले. त्याची बॅटरी अजून टेबलावर, वेगळी पडलेली.

आणि माझ्यासमोर तिसऱ्या पद्धतीवर लावलेल्या रिसीव्हरचा हिरवा दिवा लागला...

पाठवणाऱ्याचा नंबर पडद्यावर उमटतो. ती जागा कोरी होती. चुकांचा आकडा शून्य. दिवसभरात तो एकदाही शून्य झाला नव्हता.

एक श्वासभर काहीच नाही...

क्लबमध्ये सगळे बटण दाबताच बोलायला लागतात आणि पहिला शब्द गिळला जातो. थांबायचा तो फक्त दादा. "रेडिओ काय पळून चाललाय?" म्हणायचा.

मग आवाज आला.

"स्वच्छ येतंय... इकडे आता खरखर नाही."

अकरा सेकंद. दिवा विझला.

डिजिटलमध्ये सगळेच डबीत तोंड घालून बोलल्यासारखे वाटतात. तो आवाज दादाचा होता, असं मी शपथेवर सांगणार नाही.

"कुणीतरी थट्टा करतंय," शिंपी म्हणाले. पण बॅटरीला हात लावायला ते तयार नव्हते.

मी रेकॉर्डिंग लावलं. अकरा सेकंद होती.

रिकामी.

"तिसरीच घ्या," वहिनी म्हणाली.

"जरा थांबू या ना."

"का? महिनाभर तूच मागे लागली होतीस!"

मी तिसरीचीही चाचणी पुरी केली. मोजमापातही तीच सरस ठरली. मी सही केली.

याला चार महिने झाले.

रोज चारला वहिनीच्या नव्या सेटचा दिवा लागतो. नंबर कोरा, चुका शून्य. आवाज नाही. तो दुसऱ्या कुणाच्याच सेटवर लागत नाही. मी तपासलंय.

दिवा विझला, की वहिनी बटण दाबते आणि उत्तर देते. नळ दुरुस्त केला, आईचा गुडघा बरा आहे. मध्येच हसते. त्याआधीच्या चौदा महिन्यांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

मी घड्याळ लावते. अकरा सेकंदांची आता चाळीस झाली आहेत.

काल दिवा विझल्यावर वहिनीने बटण दाबलं नाही. तिने सेट माझ्यापुढे धरला.

"घे. तुझ्याशी बोलायचंय म्हणतोय."

मी हात पुढे केला नाही.

"घाबरतेस काय? दादाच आहे ना तुझा?"

मला तिला नेमकं तेच विचारायचं होतं...