क्षारपड रानातला सोबती

पीएचडीच्या जागा निघाल्यात म्हनतीस, अंकिता? भर की अर्ज. मी कशाला न्हाई म्हनू? पर लाईट गेलीच हाय, तर आमच्या विश्वजितचं ऐका दोघी भैनी. आमच्या माडीवर भाड्यानं ऱ्हायचा. आटपाडीकडचं मेंढरं राखणाऱ्याचं पोरगं, इंजिनिअर झालेलं. लय गुणी.

त्याचं संशोधन हिथंच, कुंडलच्या खालच्या अंगाला. उसाला पानी पाजून पाजून मीठ वर आलेलं रान. कुसळ उगवत न्हाई. तितं जमिनीत यंत्रं पुरलेली, रातध्याड ओल आन मीठ मोजायची. मधी खंड पडला की हंगाम वाया.

ती जागा आधी वीरधवल म्हनून एका पोराची. काम अर्ध्यात, आन काविळीनं गेला. मग ह्याला बोलावणं आलं. एकदा जेवताना म्हनला, "नाना, जागा मिळाली म्हनून आई पेढे वाटत व्हती. त्याच दिवशी त्याच्या घरी दहावा व्हता." आन ताट तसंच ठिवून उठला.

वर्सं गेली. पोरगं वाळून कोळ झालं. गाईड म्हनायचा, अजून एक हंगाम. घरची म्हनायची, नोकरी कवा?

तीन-चार वर्सांमागल्या पौषातली अवस. रविवार. जेवणं आवरली आन ह्याच्या फोनवर मेसेज, यंत्राची बॅटरी उतरली. नवी घेऊन निघाला. मी म्हनलं, "सकाळी जा रं."

"सकाळपतूर खंड पडंल, नाना. एवढा हंगाम धरला की सुटलो मी."

पुढलं त्यानंच मागनं सांगितलं. बांधाला गाडी लावली. अवसंची रात, तरी रान पांढरं दिसत व्हतं. बॅटरी बसवायला वाकला. हात चालंना. थंडीनं न्हाई... थकून. मटकन खाली बसला. आपल्याशीच म्हनला, "न्हाई हुईत आता."

"व्हय," मागनं कोन तर म्हनलं. "माझंबी झालं न्हाई."

रानात दुसरं कोनी न्हवतं.

विश्वजितनं मान वळवली न्हाई. "तुमची जागा... मी मागितली न्हवती."

...

कुत्रं न्हाई. वारं न्हाई.

मग आवाज. बारीक. दमलेला.

"नीज जरा. मी बसतो."

आन पाठीवर हात. गार. वल्ला.

"मग पळाला आसंल?"

न्हाई गं साक्षी. निजला. त्या थंडीत, उघड्यावर, लेकरागत. पहाटं मी हुडकत गेलो तवा बांधावर घोरत व्हता. यंत्र बंदच. खंड पडलेला. हंगाम गेला.

मला वाटलं, आता बोजा बांधतंय आटपाडीला. पर न्हाई. म्हनला, "परत धरतो." पुढचा हंगाम धरला, प्रबंध दिला, डॉक्टर झाला. आता बंगळूरला हाय. पर हिथं व्हता तवर, त्या रानात मी एकटा नसतो म्हनायचा. बांधावर जरा सरकून जागा ठेवायचा.

जाताना त्या रातचा शर्ट हिथंच ठेवून गेला. न्यायला तयारच हुईना. पाठीवर मिठाचा पंजा उमटलेला, पाची बोटं. तुमची मनुकाकी धुती. धुतला की जातो. वाळला... की परत उमटतो.

आज सकाळी धुतलाय तिनं. घरामागं परड्यात दोरीवर हाय.

एव्हाना वाळला आसंल.