जमादारीण दुपारची कुठं जाते?

कापसाच्या गाड्यांनी चिखलीचा मोठा रस्ता अडला नसता, तर उकंडराव जमादार त्या दुपारी मन्यार गल्लीतून गेलेच नसते. आणि गेले नसते, तर समोरून येणारी ती बाई त्यांना दिसलीच नसती.

हिरवं लुगडं. डोक्यावरून पदर. चाल मोठी हलकी... कुणाची बरं ही? असं मनात येतंय तोच तिनं मान वर केली, आणि दोघंही थबकले.

ती त्यांची स्वतःची बायको होती!

“तू इथी?” उकंडराव म्हणाले.

सोजराबाई त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिल्या. मग हसून म्हणाल्या, “हाव, आत्ताच टाकते भाकरी.” आणि झपाझप घराकडे निघून गेल्या.

भाकरी? भाकरीचं कुणी विचारलं होतं?

उकंडरावांची सगळी नोकरी मध्यप्रांत-वऱ्हाडच्या पोलिसात गेली. आज मलकापूर, उद्या मेहकर. सोजराबाई मात्र चिखलीतच राहिल्या, आधी सासू-सासऱ्यांसाठी, मग घरासाठी. नवरा यायचा तो सणापुरता. यंदा दिवाळीनंतर पेन्शन झाली, आणि लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर दोघं पहिल्यांदाच रोज एका घरात राहू लागले.

उकंडरावांना त्याची मोठी गंमत वाटायची. ती दळायला बसली की बांगड्यांचा आवाज यायचा, आणि ते पोथी वाचायचं सोडून त्या आवाजाकडे कान लावून बसायचे. वाटायचं, हिच्याशी बोलावं. पण काय बोलावं? जमादाराला हुकूम देता येतात, जबानी घेता येते. बायकोशी कसं बोलतात, ते शिकायचंच राहिलं होतं.

आणि आता हे मन्यार गल्लीचं!

रात्री जेवताना त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, “दुपारी कुठी गेल्ती?”

त्यांनी मान वर केली. ती पुन्हा तशीच बघत होती, थेट तोंडाकडे. त्यांनी पुन्हा विचारलं.

“देवळात,” ती घाईनं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उकंडराव देवळात गेले. पुंजाजी गुरव म्हणाला, “वहिनी? दिवाळीपासून तं दिसल्याच नाई, जमादार.”

झालं! पोलिसातलं मन जागं झालं. पुढचे चार-पाच दिवस ते घरातच पहारा दिल्यासारखे वागले. जेवणं उरकली की सोजराबाई पदर सावरून बाहेर पडायच्या, आणि ऊन उतरल्यावर परतायच्या. मागून हाक मारली तर वळायच्या नाहीत. भाजीत मीठ कमी आहे म्हटलं, तर “उद्या धुते” म्हणायच्या. ही थट्टा करते? की मनच नाही हिचं घरात?

पारावर बसणारे पंजाबराव एकदा हसत हसत म्हणाले होते, “जमादार, बाईले एकटीची सवय लागली आता. तुमी दिवसभर घरात बसले, का थे चालली भावाकडे, पाह्यजा!”

तेव्हा उकंडराव मोठ्यानं हसले होते. आता हसू येईना. सोजराबाईंचा भाऊ संग्रामपूरकडे होता, आणि त्याचा निरोप घेऊन येणारी माणसं मन्यार गल्लीतच उतरायची.

शुक्रवारी ते तिच्या मागं निघाले. उभी हयात चोरांच्या मागं चाललेला माणूस, आज बायकोच्या मागं चालला होता.

सोजराबाई नूरजहांच्या घरात शिरल्या. बांगड्या भरणारी नूरजहां त्यांची जुनी मैत्रीण. नवरा नमाजाला गेलेला, दार नुसतं लोटलेलं. उकंडरावांनी फटीतून पाहिलं.

अंगणात दोघी समोरासमोर बसल्या होत्या. सोजराबाईंची दाराकडे पाठ होती. नूरजहांचे ओठ हलत होते, पण आवाज... आवाज नव्हता!

“वांगे... महाग झाले,” सोजराबाई म्हणाल्या.

नूरजहांनं हसून मान डोलावली. पुन्हा ओठ हलवले. या वेळी सोजराबाईंनी मान हलवली. मग हळूच म्हणाल्या, “नाई वं. त्याईले अजून काईच मालूम नाई. अन् मी मालूम पडू बी नाई देत.”

उकंडरावांनी दार ढकललं.

“काय मालूम नाई मले?”

हा आवाज भर बाजारातली मारामारी थांबवायचा. कोपऱ्यातली कोंबडी फडफडत पळाली. नूरजहां धडपडत उठली.

सोजराबाई मात्र हलल्या नाहीत. नूरजहांकडे बघत, खांदाही न हलवता, त्यांनी विचारलं, “काऊन थांबली वं? बोल ना.”

उकंडराव जागीच उभे राहिले. एवढ्या जवळून ओरडूनही... हिला...?

नूरजहांची नजर कुठं लागली आहे हे बघून सोजराबाई वळल्या. नवऱ्याला पाहताच त्यांचा चेहरा उतरला.

“कधीपासून?” उकंडरावांनी विचारलं. तिला कळेना. नूरजहांनं तेच ओठांनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, “लय दिवस झाले. हळूहळू गेलं सारं.”

“जमादारसाब,” नूरजहां म्हणाली, “रोज दोपहर इधर आके सीखी. अब आपकी घरवाली पूरे बाजार के होंठ पढ लेती है. बस आपकेच नहीं पढे जाते.”

“काऊन?”

सोजराबाईंनी या वेळी नूरजहांकडे पाहिलं नाही. प्रश्न अंदाजानंच कळला असावा. “तुमची मिशी,” त्या म्हणाल्या. “एवढी मोठी. तुमी बोलता तं थेच हलते. शब्द दिसतच नाई मले.”

“मंग सांगतलं काऊन नाई?”

नूरजहांनं प्रश्न पुढं पोचवला. सोजराबाईंचे डोळे भरून आले.

“माही माय बहिरी झाली, अन् बाबानं बोलणंच सोडलं तिच्यासंगं. ताट पाह्यजे तं हातानं खूण कराचे. मरेपर्यंत खुणाच. तुमी आत्ता कुठी घरी आले... अन् माहे कान गेले. मले वाटलं, तुमी बी...”

उकंडराव काही न बोलता वळले आणि निघून गेले.

सोजराबाई घरी आल्या. बाबासारखंच झालं, त्यांना वाटलं. चूल पेटवली, भाकरी थापली, पण दाराकडून नजर हटेना.

दिवेलागणीला दारात सावली पडली. कुणीतरी परका पुरुष थेट आत येत होता. त्यांनी पटकन पदर ओढला. “कोण हाय?”

माणूस उंबऱ्यातच थांबला. ओठांवरची गोरी, उघडी कातडी... आणि वर ओळखीचे डोळे.

मोतीराम न्हाव्यानं वस्तरा लावायच्या आधी चारदा विचारून खात्री करून घेतली होती, म्हणे.

उकंडराव चुलीच्या उजेडात तिच्या समोर बसले. सावकाश ओठ हलवले. सोजराबाई श्वास रोखून वाचू लागल्या.

“भाकरी... करपून... राह्यली...” त्या मोठ्यानं म्हणाल्या, आणि एकदम “अवो!” म्हणून तव्याकडे वळल्या. मग इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की हसता हसता रडूच आलं.

“कसा दिसून राह्यलो?” उकंडरावांनी विचारलं.

“सोललेल्या बटाट्यावानी!”

तेही हसले. मग हसू ओसरलं. ते म्हणाले, “मले वाटलं, तू भावाकडे चालली जाशीन. लय भेव वाटलं मले.”

“भेव? तुमाले? जमादाराले?”

“जमादार पेन्शनीत गेला.” ते थोडं पुढं सरकले. “तुयासंगं लय बोलाचं हाय मले. साऱ्या जिंदगीचं राह्यलं. तुले आयकाच लागन.”

“मले कुठी आयकू येते आता?”

“मंग पाह्य.”

आणि त्या पाहत राहिल्या.

बाजाराच्या दिवशी दोघं बरोबर निघाली. सवयीनं सोजराबाई दोन पावलं मागं राहिल्या. उकंडराव थांबले. ती पुन्हा मागं राहिली, ते पुन्हा थांबले. शेवटी ती त्यांच्या शेजारून चालू लागली. पारावरचे पंजाबराव बघतच राहिले.

भर गर्दीत, मिरचीच्या ढिगाजवळ, उकंडराव तिच्याकडे वळले आणि बिनआवाजी काहीतरी बोलले.

सोजराबाईंचा चेहरा लाल झाला. “अवो! रस्त्यात असं बोलतेत काय?”

“मी कुठी बोललो? कोणाले आयकू आलं काय?”

सोजराबाईंनी इकडं तिकडं पाहिलं. खरंच, कुणालाच काही कळलं नव्हतं. मग पदराआड, फक्त त्यांना दिसेल असे, त्यांनीही ओठ हलवले...

“काय म्हटलं? मले नाई समजलं.”

“नाई समजलं?” सोजराबाई हसत पुढं निघाल्या. “मंग शिका ना!”