कोंगा थांबला ती जागा

त्या दिवशी न्यूयॉर्कच्या पूर्व हार्लेममध्ये सकाळपासून नुसती झिमझिम लागली होती. ओदालिस ओल्या कोटानिशी स्टुडिओत शिरली, तर कोपऱ्यात एक माणूस उकिडवा बसून दमट हवेनं सैलावलेलं कोंगाचं, म्हणजे हातानं वाजवायच्या उभ्या ढोलाचं, कातडं शेगडीवर शेकत होता. तिनं सरळ आपले गारठलेले हात त्याच शेगडीवर धरले.

“अहो बाई, हा विस्तव कोंगासाठी आहे—”

“मग? कोंगाला थंडी वाजते, मला नाही वाजत?”

तो सरकला... पण जरासाच. हाच बँडचा मालक एवेलिओ, हे मागाहून कळलं तेव्हा तिनं जीभ चावली.

हवानाची गायिका आणि न्यूयॉर्कचा तालवाला, दोघांची मिळून एक रेकॉर्ड निघायची होती. काम आटोपलं की ती विमानानं परत जाणार होती.

तालाच्या बाबतीत एवेलिओ महाखडूस. कुणाचा हात जरा चुकला की गाणं पहिल्यापासून! ओदालिसला मात्र तो रोज विचारायचा, “हात शेकायचेत?” बस्स, त्यापुढे गाडी सरकेना. आणि तिला तर एवढंच ऐकायचं होतं — जाऊ नकोस.

शेवटच्या दिवशी शेवटचं गाणं. त्यांच्या क्युबन गाण्यात एक जागा अशी येते, की गायिकेनं मनाला येईल ते गायचं आणि बँडनं ठरलेलं पालुपद म्हणून उत्तर द्यायचं. ओदालिसनं डोळे मिटले आणि ती गायली, ‘शेगडीवाल्या, उद्या निघाले मी... जाऊ का रे?’

पालुपद आलं. कोंगा आलाच नाही. क्षणभर त्याची जागा रिकामीच राहिली, मग तो असा काही वाजू लागला की सगळे बघतच राहिले.

“मालकांचा हात चुकला!” गाणं संपताच ट्रम्पेटवाला खिदळला. “चला, पहिल्यापासून!”

“काही नको. हे असंच राहू दे.” एवेलिओ उठून तिच्यापाशी आला. “ओदालिस... नको ना जाऊस.”

ती गेली नाही.

आता वयानं तिचा आवाज बसलाय, त्याची बोटं आखडलीत. पण ब्रॉन्क्समधल्या स्वयंपाकघरात काळा घेवडा निवडताना ती अजून तीच रेकॉर्ड लावते. ती जागा जवळ आली की तिचे हात थांबतात, डोळे भरून येतात.

“इथे चुकलास बघ!” ती ओरडते.

बाहेरच्या खोलीतून ठरलेलं उत्तर येतं, “चुकलो नव्हतो गं. ऐकत होतो.”