मतमण्यांची पुडी

टक्.

दुपारच्या निवांत घरात तेवढाच आवाज झाला. मृण्मयीने हातातल्या ठरावपत्रिकेवरून नजर उचलली नाही. सहा वर्षांची ओवी स्वयंपाकघरात भातुकली मांडून बसली होती. काही ना काही पडायचंच.

सासरे झोपले की हा एवढा तासच तिचा. आज त्यात शिरंबे गावाच्या ठरावावर कौल ठरवायचा होता. पाच वाजता मतपेटी दारात येणार होती. गावाखालचा पाणीसाठा वीस वर्षं उपसायचा नाही, तोवर नळाला दिवसाआड पाणी, असा ठराव. वीस वर्षांनी मात्र झरे पुन्हा वाहते होतील, विहिरी काठोकाठ भरतील.

पूर्वी असे ठराव हटकून आपटायचे. मग गावातल्याच डॉक्टर यमुताई पेडणेकरांनी ‘थेंबघड्याळ’ तयार केलं. मृण्मयीने त्यांना एकदा विचारलं होतं, “रक्ताच्या एका थेंबात माणसाचं आयुष्य कसं हो दिसतं?”

“समईतलं तेल बघून ती कधीपर्यंत जळेल ते सांगतेस की नाही? तसंच. वय आपल्या रक्तपेशींवर बारीक बारीक खुणा करत जातं. त्या वाचल्या की उरलेलं तेल कळतं. अपघाताचं तेवढं सोडून दे.”

“बाई गं! आणि ते ज्याला त्याला सांगायचं?”

“छे! फक्त मतासाठी वापरायचं. निर्णयासोबत ज्याला जितकी वर्षं काढायचीत, तितके त्याचे मतमणी. सीलबंद पुडीत. मणी सगळ्यांचे सारखेच, पण त्यांचा आकार दर मतदानाला बदलतो, म्हणून आपली पुडी हातात घेऊन काही कळत नाही.”

“आणि दोन पुड्या शेजारी ठेवून तोलल्या तर?”

यमुताई हसल्या होत्या. “कोण तोलतंय? माणसं तेवढी चांगली असतात गं.”

आणि खरंच तशी होती. दुसऱ्याची पुडी हातात घेऊन अजमावायची नाही, हा शिरंब्याचा शिष्टाचारच झाला होता. पोरांच्या पुड्या आया टाकायच्या, त्याही डोळे मिटल्यासारख्या. सहा वर्षांत या मण्यांनी गावचा डोंगर वाचवला, ओढा वाचवला. माणूस गेल्यावर यमुताई आपली नोंद ताडून बघायच्या; घड्याळ एकदाही चुकलं नव्हतं. माहेरी गेली की मृण्मयी हे सगळं अशा थाटात सांगायची, जणू घड्याळ तिनेच बनवलंय.

आज सकाळी सासऱ्यांनी आपली पुडी तिच्याकडे दिली होती. “ही घे माझी चिमूटभर तपकीर! ‘हो’मध्ये टाक. मला काय, बादलीभर पाणी पुरतं. ओवीला पोहायला विहीर हवी.”

तिघांच्या नावं लिहिलेल्या पुड्या तिने ओट्याखालच्या फळीवर ठेवल्या होत्या.

वीस वर्षं दिवसाआड पाणी म्हणजे धुणी तुंबणार, पाहुणे आले की जीव टांगणीला लागणार. पण तिच्या डोळ्यांपुढे सव्वीस वर्षांची ओवी भरल्या विहिरीत सूर मारत होती. ठरलं तर. ‘हो’च.

टक्.

“आई, माझी तागडी बिघडलीय!”

मृण्मयी आत गेली आणि दारातच थबकली. जत्रेतून आणलेल्या लाकडी तागडीच्या एका पारड्यात तिची पुडी होती, दुसऱ्यात ओवीची. तिचं पारडं जमिनीला टेकलं होतं. ओवीचं वर, हवेत.

“आजोबांना मी हरवलं,” ओवी म्हणाली, “पण तुझ्याशी दर वेळी हरतेच.”

मृण्मयी खाली बसली. तिने पारड्यांचे तळ चाचपले. भातुकलीचा चुरमुरा चिकटला होता, तो काढला. दोऱ्यांची गाठ सारखी केली. मग पुड्यांची अदलाबदल केली.

टक्.

पुन्हा तिचीच पुडी खाली.

बाहेर पेटीची घंटा वाजली. आतल्या खोलीतून सासरे जागे होत म्हणाले, “मृण्मयी, पेटी आली बघ! सगळ्या ‘हो’मध्ये हं!”

ती उठली नाही. ओवीने आपली पुडी पारड्यातून काढून तिच्या तळहातावर ठेवली आणि तिच्या तोंडाकडे पाहिलं.

“आई, मी तर तुझ्यापेक्षा किती लहान आहे. मग माझे मणी कमी कसे गं?”