गबदीच्या खोक्यातला पांढरा थर

"शके, बघ, मुळासकट उपटायचं नाही. वरूनच कापायचं. उद्या परत लागणार आहे."

बोईसरच्या वसाहतीमागच्या बांधावर बाबा उकिडवे बसून विळ्याने गवत कापत होते आणि शकू पिशवीचं तोंड उघडं धरून उभी होती. गवत गबदीसाठी होतं. गबदी म्हणजे तपकिरी-पांढरी, बिनशेपटीची गिनीपिग. बाबा तारापूरच्या एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला होते. तिथे नकोशी झालेली ही मादी ते साहेबांना विचारून घरी घेऊन आले होते. तिला दिवसभर चघळायला गवत लागे आणि रोज पेरूची एक फोड.

"आपल्यासारखंच आहे तिचं," बाबा सांगत. "क जीवनसत्त्व अंगात तयार होत नाही. खाल्लं तरच मिळतं."

त्या रविवारी घरी येऊन बाबांनी पंखा दुरुस्त केला, वरणाला मीठ कमी आहे म्हणाले आणि दुपारी पेपर तोंडावर घेऊन झोपले. विशेष असं काहीच घडलं नाही.

सोमवारी कारखान्यातच त्यांच्या छातीत कळ आली. शकूला शाळेतून न्यायला शेजारच्या येसूबाई आल्या. त्यांनी दोन पायांत दोन वेगळ्याच चपला घातल्या होत्या. शकूला तेव्हाच कळलं.

बाबांना जाऊन दीड महिना झाला आणि दिवाळीची सुट्टी लागली. वसाहतीत दारोदारी आकाशकंदील लागले. शकूच्या दारावर नव्हता. आई सगळी कामं करायची, पण गुडघाभर पाण्यातून चालावं तशी. बाबांचं नाव घरात कुणी काढत नसे. शकूही नाही. बाबांचे थोरले भाऊ, कृष्णकांतकाका, दर शुक्रवारी वाणगावहून येत आणि रविवारी परत जात. रेशन, गॅस, बाबांच्या कारखान्यातली कामं, सगळं तेच उरकत. त्यांची वाणगावला कोंबड्यांची शेड होती. आता रोज गवत कोण कापणार, असं म्हणून त्यांनी गबदीसाठी कोंबड्यांच्या खाद्याचं पोतं आणून ठेवलं होतं. पेरू आणायचं तर कुणाच्या लक्षातच राहिलं नाही.

आणि आता गबदी आजारी होती. लघवी करताना पाठ उंच करून बारीक आवाजात ओरडायची. मागची लव सतत ओली असायची. एकदा खोक्यात अंथरलेल्या पेपरावर लालसर डागही दिसला.

काकांनी शुक्रवारी तिला उचलून पाहिलं. म्हातारी झाली असेल, ते म्हणाले. रविवारी जाताना ते तिला वाणगावला नेऊन शेडमागच्या गवतात सोडणार होते. शकूच्या आईच्या मागे तेवढीच एक कटकट कमी. शकूने मान डोलावली. शेडमागे मुंगसं फिरतात हे तिला माहीत होतं. काकांनाही माहीत होतं.

शनिवारी सकाळी तिने हे दोघांना सांगितलं. वरच्या मजल्यावरचा रामकिसन आणि वसाहतीमागच्या झोपडीतला देवू, दोघेही तिच्याच वर्गातले. देवूचे आईवडील मासवणहून मजुरीसाठी आले होते, येताना शेळ्या घेऊन आले होते.

रामकिसनचा संशय लगेच पक्का झाला. कारखान्यांचा नाला! त्याचं पाणी गवताला लागतं, गवत गबदी खाते. "अब जासूसी करनी पडेगी," तो म्हणाला.

"पयले तू त्वांड बंद ठेव," देवू म्हणाला. "आमच्या शेल्या थितंच चरतात. येक तरी वरडते का?"

तरीही तिघं नाल्यापर्यंत सायकली दामटत गेले. उन्हात उभं राहून काळसर पाण्याकडे पाहत असताना शकू म्हणाली, "पण गबदीने गवत खाल्लंय कुठे? बाबांनंतर कुणी कापलंच नाही."

रामकिसनने सायकल खाली टाकली. "हे आधी सांगायचं ना!"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

ते परत आले आणि गबदीचं खोकं रिकामं करायला बसले. खालच्या पेपरावर पांढरा, खरखरीत थर वाळला होता. देवूने बोटाने तो चोळला. "ह्यो त चुना हाय."

मग शकूला विज्ञानाच्या सरांनी केलेला प्रयोग आठवला. चुनखडीवर लिंबू पिळलं की फेस येतो. स्वयंपाकघरातून ती अर्धं लिंबू घेऊन आली. थरावर रस पडताच चुरचुर फेस आला. गबदीच्या पिण्याच्या पाण्यात पिळलं, काही झालं नाही. शेवटी तिने पोत्यातलं मूठभर खाद्य ताटलीत पसरलं. दाण्यांत पांढरे कण होते. त्यांच्यावर लिंबू पडलं आणि ताटली चुरचुरू लागली.

"शिपल्या हायत या," देवू म्हणाला. "कुटून टाकल्यात."

दुपारी रामकिसनच्या सायकलला करंडी बांधून त्यांनी गबदीला गुरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर नुकतेच एका म्हशीपासून मोकळे झाले होते, हात कोपरापर्यंत ओले. गिनीपिग त्यांनी शिकताना पाहिलं होतं, उपचार कधी केले नव्हते, तसं त्यांनी सांगितलंही. पण पोट हलकेच दाबून आणि पेपराचा तुकडा पाहून ते म्हणाले, "मुतखडा. बोकडांना होतो तसाच. चुन्याचं खाणं जास्त झालं, ओलं गवत नाही, पाणी कमी. मादी आहे म्हणून निभावलं. नर असता तर खडा अडकून बसला असता."

"बरी होईल?"

"ते सांगता येत नाही, बाळ. खाणं मात्र आजच बदला."

त्यांनी एक औषध दिलं. गवत कितीही, पाणी भरपूर, काकडी, पेरू किंवा आवळा रोज. पालक नको. आणि ते पोतं मुळीच नको.

रविवारी सकाळी काका चहा घेऊन पिशवी भरू लागले, तेव्हा तिघं ओळीने दारात उभे होते. पोतं वाईट आहे म्हटलं असतं तर काकांनी ऐकलं नसतं. शकूने म्हणून दुसरंच विचारलं.

"काका, कोंबड्यांच्या खाण्यात शिंपल्या कशाला घालतात?"

काका खुलले. हा त्यांचा विषय होता. "कवचासाठी. शिंपला पोटात गेला नाही तर अंडं मऊ पडतं. हातात घेतलं की फुटतं."

"मग गबदी कधी घालणार अंडी?"

रामकिसनला हसू आवरेना. देवूने त्याला कोपराने ढोसलं. शकूने काकांसमोर ताटली ठेवली, एका बाजूला पोत्यातलं खाद्य, दुसऱ्या बाजूला खोक्यातला थर, आणि दोन्हींवर लिंबू पिळलं. चुरचुर थांबेपर्यंत काका पाहत राहिले. मग त्यांनी पिशवी खाली ठेवली, विळा मागितला आणि इस्त्रीच्या पँटमध्येच बांधाकडे निघाले. त्या दिवशी ते वाणगावला गेले नाहीत.

गबदी लगेच बरी झाली नाही. काही दिवस ओरडतच होती. एका सकाळी पेपरावर बाजरीएवढा खडा सापडला, आणि हळूहळू ओरडणं थांबलं.

सुट्टी संपत आली तेव्हा काका परत आले. यंदा घरात फराळ नव्हता. येसूबाईंनी पाठवलेला चिवडा समोर ठेवून त्यांनी तिघांना बसवलं. जनावर मुकं असतं हे मी शेडवाला माणूस असून विसरलो, ते म्हणाले. देवूची पाठ थोपटली, रामकिसनला जासूससाहेब म्हणाले. मग त्यांनी आईकडे पाहिलं. "आणि ही आपली शकू. एवढं आभाळ कोसळलं, पण पोरीने टिपूस काढलं नाही. फार धीराची."

शकू पेरू कापत होती. फोड गबदीपुढे ठेवून तिने सुरी बाजूला सारली.

"मी धीराची नाहीये, काका," ती म्हणाली. आईचा हात चिवड्याच्या डब्यावर थांबला. "मला बाबांची खूप आठवण येते. रोज येते."