पास्कलची वलांडी

"तू एकटाच आयलास. माजा फर्डिनंड कुटं ठेवलास?"

अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर ऐकलेला हा आवाज प्रल्हाद सावेच्या कानातून कधी गेलाच नाही. तेव्हा तो पोलिसांत नवा शिपाई होता. एकाहत्तरच्या लढाईत कराचीजवळच्या खाडीत तिघांना तिथल्या कोळ्यांच्या वेषात, हेरगिरीला गुपचूप उतरवलं होतं. त्यातला पास्कल तेवढा, तिथल्या तुरुंगात बरगड्या मोडून घेऊन, परत आला. फर्डिनंडची बायको ॲनी त्याच्यापुढे उभी राहिली आणि पास्कल वाळूकडे बघत राहिला. त्याच्या मुकेपणाचा गावानं एकच अर्थ लावला. यानं सोबत्यांना विकलं.

आज, कारगिलच्या वर्षीच्या थंडीत, प्रल्हाद फौजदार होऊन त्याच किनाऱ्यावर आला होता. पास्कल आपल्याच वलांडीखाली, बोंबील वाळवायच्या बांबूंच्या मांडवाखाली, पालथा पडला होता. कोयत्याचे घाव मानेवर होते, खांद्यावर होते. शेवटच्या घावानं मान जवळजवळ सुटलीच होती. वाळूनं रक्त पिऊन काळा थर धरला होता.

मारेकरी गावानं आधीच धरला होता. नालासोपाऱ्याचा टेम्पोवाला जितेश सुकी मासळी न्यायला भल्या सकाळी आला, तो रक्तानं माखलेला सापडला. वल्ह्यांनी बडवून त्याचा हात मोडला होता. पोलिसांची जीप आली नसती तर वाळूवर दोन प्रेतं पडली असती, आणि जमाव अजूनही पांगला नव्हता.

"पास्कलशी तुझं भांडण होतं?" प्रल्हादनं विचारलं.

"आगाशीच्या बाजारात झालं होतं, साहेब. भाड्यावरून. सगळ्यांनी पाहिलंय."

"मग हे रक्त?"

"अंधारात वाटलं जिवंत आहे. उचलायला गेलो. कसम से, तेवढंच."

प्रल्हादनं प्रेताचे तळवे उलटून पाहिले. घाव चुकवायला माणूस हात वर करतोच. पास्कलच्या हातांवर ओरखडाही नव्हता.

मग त्यानं वर पाहिलं. अंगाच्या भारानं आडवा बांबू मोडून लोंबत होता. बांबू मोडला म्हणजे त्यावरची मासळी खाली पडायला हवी. वाळूवर एकही बोंबील नव्हता. शेजारच्या बांबूवर मात्र दाटी झालेली. बोंबलाचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी टांगायची, ही इथली रीत. पास्कलच्या जोड्या सरळ लोंबत होत्या, पण काही जोड्यांना वाळू चिकटली होती, दातांत रक्त सुकलं होतं. नेमक्या त्याच जोड्यांना एक पीळ दिलेला होता, एका बोंबलाभोवती दुसऱ्याचा वेढा.

असा पीळ कोणाच्या घरचा, ते शोधत प्रल्हाद ॲनीच्या अंगणात गेला तेव्हा ती बोंबील टांगत होती. केस पांढरे झालेले, हात मात्र तरण्या बाईचे. जबड्यात जबडा, एक पीळ, पुढची जोडी.

"हा पीळ कशाला, ॲनीबाय?"

"वाऱ्यानं पडत नाय. माज्या सासूची रीत. दुसऱ्या कोनाच्या घरात नाय ती."

काल सांजेला कुठं होतीस, असं त्यानं विचारलं. घरातच, पास्कलच्या वलांडीला आपण आयुष्यात हात लावला नाही, असं ती म्हणाली. गावात कोणीच लावत नव्हतं. फितुराच्या मासळीला कोण शिवणार?

काल दुपारी तिच्याकडे पाहुणा येऊन गेला होता. जयवंत साहेब, आता विरारच्या फ्लॅटमध्ये राहणारे निवृत्त लष्करी अधिकारी. तिघांना खाडीत धाडलं होतं त्यांनीच. फर्डिनंडच्या नावाची पाटी जेटीवर लागणार, हे सांगायला ते आले होते. प्रल्हादनं त्यांना बोलावून घेतलं.

"आणखी काय सांगितलंत तिला?"

"तिनं विचारलं, कसे सापडले. अहवालात होतं तेच सांगितलं. आतल्याच माणसानं घात केला."

दुपारी पास्कलच्या वलांडीखाली प्रल्हाद, ॲनी आणि जयवंत साहेब उभे राहिले. जमाव दोरीपलीकडे होता.

"जितेश पोती वाहतो. जोडी बांधणं त्याला येत नाही," प्रल्हाद म्हणाला. "मारणारानं मारलं, आणि मग वाळूत सांडलेली मासळी बघून त्याला राहवलं नाही. लहानपणापासून सांडलेलं उचलणारे हात ते. उचलली, झटकली, टांगली. आपल्या घरच्या रीतीनं पीळ देऊन. रक्त लपवायचं सुचलं नाही, मासळी मात्र वाया जाऊ दिली नाही. ॲनीबाय, ते पीळ तुझे आहेत."

ॲनीनं नाकारलं नाही. तिनं आपल्या हातांकडे पाहिलं, जणू चुगली करणारी ती दोन परकी माणसं होती.

"मना कललाच नाय कवा उचलले ते," ती म्हणाली. "पैला घाव घातला तवा विचारला, माज्या धन्याला कितीला विकलास? तो बोलला नाय. मान खाली घातली नी उभा रायला. मंग मी थांबले नाय."

"त्यानं हात का वर केले नाहीत, तेवढं मला उमगलेलं नाही," प्रल्हाद म्हणाला. त्याची नजर जयवंत साहेबांकडे होती. ते त्या पिळाच्या जोड्यांकडे टक लावून बघत होते. "साहेब, हा पीळ तुम्ही आधी पाहिलाय?"

"ऐकलाय." म्हातारा म्हणाला. "पास्कलकडून. सुटून आला तेव्हा."

भरतीचं पाणी वाळूवरच्या काळ्या थरापर्यंत आलं आणि तांबडं होऊन मागे गेलं.

"मी त्यांना तिकडची बोली शिकवली, कपडे दिले, नमाज शिकवला. खाडीत इशाऱ्याची वाट बघत बसायचं होतं. रिकामे बसले. जाळ्यात बोंबील आले, आणि एकानं ते होडीच्या दोरीवर वाळत घातले. जबड्यात जबडा, एक पीळ. त्या किनाऱ्यावर असं कोणी वाळवत नाही. तिथल्या कोळ्यांनी पाहिलं, फौज आणली. तिसऱ्याला, वायरलेसवाल्याला, आणि फर्डिनंडला चिखलात गुडघ्यांवर बसवून गोळ्या घातल्या, पास्कलच्या डोळ्यांसमोर."

"मंग अहवालात घात कोनी लिवला?" ॲनीनं विचारलं.

"मी. माणसं निवडली मी, शिकवली मी. हात शिकवायचे राहिले, हे माझ्या नावावर आलं असतं. फितुरी लिहिली की चौकशी तिथंच संपते."

"वाळत घातले कोनी?"

जयवंत साहेबांनी प्रल्हादकडे पाहिलं. प्रल्हादनं नजर हलवली नाही.

"पास्कलनं एकच मागितलं होतं माझ्याकडे," ते म्हणाले. "गाव मला काय म्हणायचं ते म्हणू दे, पण ॲनीला हे कधी सांगू नका, की ते बोंबील फर्डिनंडनं टांगले."