जपून कापलेली सही

सूड घ्यायचा असता तर कुणीही चित्र मधोमध फाडलं असतं. इथे कोपऱ्यातली सही तेवढी चौकोनी कापून नेली होती, आणि प्रदर्शनाचं उद्घाटन चार तासांवर आलं होतं.

“किल्ल्या तिघांकडेच,” गॅलरीवाला म्हणाला. “मी, चित्रकार आणि त्यांची बायको. मी कशाला माझ्याच पायावर धोंडा मारून घेईन? चित्र बघा तरी, रंगात काय मर्दानी जोर आहे! बाईच्या हातून असलं होणे नाही.”

भावोजींनी मान डोलावली. वहिनी खासगी गुप्तहेर. त्यांची पिशवी धरणं आणि मान डोलावणं ही दोन कामं भावोजी चोख करत. वहिनी चित्राला नाक लावून उभ्या होत्या. पातळ निळा रंग जागोजागी थारोळी करून वाळला होता. ओघळ एकही नव्हता.

चित्रकार कमरेला पट्टा बांधून ताठ उभे होते. “बायकोचंच काम. तिला पोलिसांत देणार आहे मी. कॅनव्हास ताणते, रंगाआधीचं अस्तर लावते. चिकाटी आहे, पण प्रतिभा वेगळी गोष्ट. म्हणून जळते.”

“चित्र कधीचं?”

“गेल्या महिन्यातलं.”

“बसून रंगवता?”

“छे. कॅनव्हास ईझलवर उभा लावून, उभ्यानेच. दहा वर्षांत वाकलेलो नाही मी.”

त्यांची बायको घरी मागच्या खोलीत होती. एक लांबरुंद टेबल, कडांना सुकलेला निळा रंग. ईझल नव्हता.

“टेबल कशाला?” वहिनींनी विचारलं.

“अस्तर लावायला,” बाई म्हणाल्या. नजर मात्र वर केली नाही. अस्तर पांढरं असतं एवढं भावोजींनाही ठाऊक होतं, पण पुढचं काही सुचेना.

तासाभराने वहिनींनी गॅलरीत सगळ्यांना चित्रासमोर उभं केलं.

“भावोजी, भिंतीवर पाणी टाकलं तर?”

“ओघळेल.”

“मग पातळ रंग इथे थारोळं करून कसा बसला? कॅनव्हास टेबलावर आडवा होता. रंगवणारा तासन्‌तास वाकलेला होता. यांची कंबर तर वाकतच नाही.”

चित्रकार लालबुंद झाले. “आणि सही?”

“ती बाईंनीच कापली. पण किती जपून! मत्सराने पेटलेला हात असा चालत नाही.”

“माझं नव्हतं तेवढंच कापलं,” बाई म्हणाल्या.

गॅलरीवाल्याने चित्राकडे पुन्हा पाहिलं. “तरीच म्हटलं, केवढा कोमलपणा आहे यात!”

भावोजींना मघाशी डोलावलेल्या स्वतःच्या मानेची लाज वाटली.

“तडजोड करू,” गॅलरीवाला म्हणाला. “दोघांचं नाव घालू. चित्रकारांचीही काहीतरी मदत झालीच असेल.”

“कॅनव्हासचा खिळासुद्धा कधी ठोकला नाही त्यांनी,” बाई म्हणाल्या. “नाव कशाबद्दल?”